जोसेफ केनेडी : किल्ल्या कुणाच्या हाती?

केनेडी म्हटलं की आपल्याला आठवतो तो जॉन. अमेरिकेचा तरुण राष्ट्राध्यक्ष, चंद्रावर माणूस पाठवायची घोषणा करणारा, डॅलसमध्ये गोळ्या लागून गेलेला. क्विझमध्ये त्याच्यावर एक तरी प्रश्न हमखास असतो. त्याच्या वडिलांवर मात्र कुणी प्रश्न काढत नाही. मला विचाराल तर त्या घरातला खरा अभ्यास करण्यासारखा माणूस म्हणजे हा बाप. जोसेफ पॅट्रिक केनेडी. बँकवाला, शेअर बाजारातला मुरलेला खेळाडू, सिनेमाचा धंदा करणारा, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी पैसे उभे करणारा आणि मग सरकारात तीन मोठ्या खुर्च्यांवर बसलेला. त्यातल्या दोन खुर्च्या त्याने गाजवल्या. तिसरीने त्याची होती नव्हती ती अब्रू घालवली.

मी त्याच्यावर लिहायला घेतलं ते तो आदर्श होता म्हणून नव्हे. आदर्श व्यक्तींवर आपल्या अंकात दरवर्षी लेख असतातच. हा माणूस आदर्श मुळीच नव्हता. पण मला एक प्रश्न बरेच दिवस छळत होता. ज्याला बाजारातली प्रत्येक लबाडी ठाऊक आहे, किंबहुना ज्याने ती स्वतः केली आहे, त्याच्या हाती बाजाराच्या किल्ल्या द्याव्यात का? आपल्याकडे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या म्हटलं की विषय संपतो. अमेरिकेत १९३४ साली मात्र या म्हणीचा प्रत्यक्ष प्रयोग झाला, आणि तो चक्क यशस्वी झाला. का झाला, आणि कुठपर्यंत झाला, हे समजून घेण्यासाठी त्याचं आयुष्य सुरुवातीपासून बघायला हवं.

जोसेफचा जन्म ६ सप्टेंबर १८८८ चा, बोस्टन शहराच्या पूर्व भागातला. आजोबा आयर्लंडमधल्या बटाट्याच्या भीषण दुष्काळाच्या काळात अमेरिकेत आलेले. वडील पॅट्रिक यांनी दारूचा गुत्ता काढला, मग दारूची आयात सुरू केली, एका छोट्या बँकेत भागीदारी घेतली आणि वॉर्डातलं राजकारण हाती घेतलं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळातही ते निवडून गेले. वॉर्डाचा पुढारी म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणाला नोकरी लाव, कुणाच्या घरी मयत झाली तर पैसे पोचव, आणि मतदानाच्या दिवशी ती माणसं आपल्या बाजूने उभी राहतील एवढं बघ. पैसा, उपकार आणि मत यांचा हिशेब जोसेफ घरातच शिकला.

त्या काळच्या बोस्टनमध्ये जुनी प्रोटेस्टंट घराणी वर आणि आयरिश कॅथलिक खाली, अशी सरळ उतरंड होती. जोसेफ शिकला हार्वर्डमध्ये, १९१२ साली पदवीधर झाला. पण तिथल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या क्लबांची दारं त्याला बंदच राहिली. ही सल त्याला जन्मभर पुरली. पैसा मिळवून ही दारं उघडता येतात का, हे तो पुढे आयुष्यभर आजमावत राहिला.

पदवीनंतर त्याने सरकारी बँक-तपासनिसाची नोकरी धरली. पगार बेताचा, पण बँकांच्या वह्या आतून कशा दिसतात हे त्याला कळलं. लवकरच त्या ज्ञानाचा उपयोग झाला. वडिलांचा वाटा असलेली कोलंबिया ट्रस्ट ही बँक एक मोठी बँक गिळायला निघाली होती. जोसेफने नातेवाईक आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून कर्जाऊ रक्कम गोळा केली, भागधारकांना फोडू दिलं नाही आणि बँक वाचवली. १९१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो तिचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी बोस्टनच्या माजी महापौरांची मुलगी रोझ फिट्झगेराल्ड हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्यांना पुढे नऊ मुलं झाली.

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गोष्ट. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हा बँकवाला थेट एका जहाज कारखान्यात सहायक जनरल मॅनेजर झाला. क्विन्सी गावातला बेथलेहेम स्टील कंपनीचा फोर रिव्हर कारखाना. नौदलासाठी विनाशिका बांधण्याचं काम तिथे रात्रंदिवस चालू होतं. नौदलाच्या बाजूने सहायक सचिव म्हणून हुज्जत घालायला यायचा एक उंच, हसरा, गोड बोलणारा तरुण. त्याचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांची पहिली चकमक अशी सांगतात. अर्जेंटिनाच्या युद्धनौकांच्या कामाचे पैसे थकले होते. पैसे मिळाल्याशिवाय नौका सोडणार नाही, असं केनेडीने ठणकावलं. रूझवेल्टने शांतपणे ऐकून घेतलं, हसून निरोप दिला आणि नंतर नौदलाच्या बोटी पाठवून नौका ओढून नेल्या. हा माणूस गोड बोलून हवं ते करवून घेतो, हा धडा केनेडीला त्या दिवशी मिळाला. गंमत म्हणजे पुढे वीस वर्षांहून जास्त काळ तो हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवत राहिला.

युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये केनेडी हेडन, स्टोन अँड कंपनी या दलाली पेढीत शिरला. पुढे तो स्वतंत्रपणे बाजारात उतरला. इथे जरा थांबून त्या काळचा बाजार कसा होता ते सांगतो, नाहीतर पुढचा भाग कळणार नाही. चारपाच बडे लोक एकत्र येऊन एखाद्या कंपनीचे शेअर उचलायचे. मग आपापसातच खरेदी-विक्री करायचे. व्यवहार फक्त कागदावर, पण भाव छापणाऱ्या टिकर यंत्राच्या पट्टीवर मोठी उलाढाल दिसायची. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, या शेअरमध्ये काहीतरी आहे. तो धावत यायचा, भाव चढायचा आणि शिखरावर ही मंडळी आपला माल त्याच्या गळ्यात मारून मोकळी व्हायची. याला तिकडे पूल म्हणत. कंपनीच्या आतली बातमी आधी कळली तर त्यावर सौदे करायलाही फारशी आडकाठी नव्हती. आज यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी तुरुंगात जावं लागेल. तेव्हा हे हुशारीचं लक्षण मानलं जाई.

केनेडी या विद्येत पारंगत होता. १९२४ मध्ये यलो कॅब कंपनीचा शेअर काही लोकांनी पाडायला घेतला, तेव्हा कंपनीच्या मालकाने केनेडीला बोलावलं. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलमध्ये खोली घेऊन, टेलिफोन आणि टिकर यंत्र लावून घेऊन तो तिथेच ठाण मांडून बसला. (एडिसनने तरुणपणी ज्यात सुधारणा केल्या तेच हे टिकर.) वेगवेगळ्या शहरांतल्या दलालांमार्फत तो इकडे खरेदी, तिकडे विक्री अशा ऑर्डरी सोडत राहिला. समोरच्याला थांगच लागेना. शेअर सावरला. या भानगडीत घरी मुलगी जन्मली, तिचं तोंड त्याने पाहिलं तेव्हा ती जवळजवळ महिन्याची झाली होती.

त्यानंतर तो सिनेमात गेला. १९२६ मध्ये एफबीओ नावाची, स्वस्तातले घोडेस्वारी-मारामारीचे चित्रपट काढणारी कंपनी त्याने घेतली. बोलपट येऊ घातला होता आणि आरसीए कंपनीला आपलं ध्वनी-तंत्र विकायला चित्रपटगृहं हवी होती. या जुळवाजुळवीतून १९२८ मध्ये आरकेओ ही मोठी कंपनी उभी राहिली आणि केनेडी भरपूर पैसा घेऊन बाहेर पडला. कॅमेऱ्यात त्याला रस नव्हता, त्याचं लक्ष ताळेबंदावर होतं. ग्लोरिया स्वान्सन या नटीशी त्याचं प्रकरणही याच काळातलं. घरी रोझ नऊपैकी आठ मुलं सांभाळत होती. तेही इथे लिहून ठेवायला हवं.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला. केनेडीने बरेचसे पैसे आधीच काढून घेतले होते, आणि पडत्या बाजारात मंदीचे सौदे करून वर आणखी कमावलं. बूटपॉलिशवाला पोरगा शेअरच्या टिपा देऊ लागला तेव्हा हा सावध झाला, अशी एक गोष्ट त्याच्या नावावर खपवतात. ती बहुधा दंतकथाच असावी. दारूबंदीच्या काळात तो चोरटी दारू विकायचा, ही दुसरी कथा. इतिहासकार डेव्हिड नासॉ याने त्याची ढीगभर कागदपत्रं चाळली, त्याला काही पुरावा सापडला नाही. खऱ्या लबाड्या पुरेशा असताना खोट्या कशाला चिकटवायच्या?

मंदीने मात्र त्याला हादरवलं. बँका बुडत होत्या, रस्त्यावर भाकरीसाठी रांगा लागत होत्या. हे असंच चाललं तर आपल्यासारख्यांकडे काहीच उरणार नाही, व्यवस्था वाचवायची तर काही सोडावं लागेल, असं त्याला वाटू लागलं. १९३२ मध्ये त्याने रूझवेल्टवर डाव लावला. वॉल स्ट्रीटवरचे बहुतेक लोक रूझवेल्टला पाण्यात पाहत होते, त्यामुळे केनेडीसारख्या माणसाचं तिथे येणं मोलाचं होतं. त्याने स्वतः सुमारे २५ हजार डॉलर दिले, पक्षाला आणखी ५० हजार कर्जाऊ दिले आणि ओळखीतून लाखभर डॉलर जमवून आणले. मंदीच्या दिवसांत ही रक्कम फार मोठी होती.

आपण गणपतीला किंवा गॅदरिंगला वर्गणी गोळा करतो तेव्हा अनुभव येतोच की, पैसे देणारे दोन प्रकारचे असतात. एक जण पावती खिशात घालून निघून जातो. दुसरा पावती जपून ठेवतो आणि मग वर्षभर मंडळात येऊन विचारतो, माझं काय? केनेडी दुसऱ्या प्रकारातला. शिवाय त्याचं काम नुसतं पैशांचं नव्हतं. शिकागोच्या पक्ष अधिवेशनात उमेदवारीसाठी दोन तृतीयांश मतं लागायची आणि रूझवेल्ट थोडक्यात अडकला होता. कॅलिफोर्नियाची मतं वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या शब्दावर हलत होती. हर्स्टला फोन करून समजावणाऱ्यांत केनेडीही होता. चौथ्या फेरीत कॅलिफोर्निया वळला आणि रूझवेल्टला उमेदवारी मिळाली. मग प्रचाराच्या खास आगगाडीतून केनेडीने त्याच्याबरोबर प्रवासही केला.

निवडणूक जिंकली. केनेडी अर्थखात्याची वाट पाहत बसला. फोन आलाच नाही. १९३३ हे अख्खं वर्ष तो चरफडत राहिला. मात्र हात बांधून बसला नाही. दारूबंदी उठणार हे दिसत होतं, म्हणून राष्ट्राध्यक्षाचा मुलगा जेम्स याला बरोबर घेऊन तो इंग्लंडला गेला आणि नामांकित स्कॉच कंपन्यांची अमेरिकेतली एजन्सी घेऊन आला. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा शेजारी बसलेला असताना करार सोपे होतात, हे वेगळं सांगायला नको. त्याच उन्हाळ्यात तो आणखी एका पूलमध्ये होता. लिबी-ओवेन्स-फोर्ड ही काचा बनवणारी कंपनी. हिच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेली दुसरी एक कंपनी बाटल्या बनवायची. दारू खुली होणार म्हणजे बाटल्या खपणार, या आशेने लोक चुकीच्या कंपनीचे शेअर घेत सुटले. पूलवाल्यांनी त्याचा फायदा उठवला. केनेडीच्या वाट्याला सुमारे ६० हजार डॉलर आले.

हा व्यवहार पुढे सिनेटच्या चौकशीत उघडकीला आला. चौकशीचा वकील होता फर्डिनांड पेकोरा, इटालियन स्थलांतरिताचा मुलगा. त्याने मोठमोठ्या बँकर्सना साक्षीला उभं करून त्यांची सालटी काढली. या चौकशीतून शेअर बाजाराच्या कायद्याला बळ मिळालं. ६ जून १९३४ ला कायद्यावर सही झाली आणि सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे एसईसी, जन्माला आलं. आपली सेबी स्थापन झाली १९८८ मध्ये आणि तिला कायद्याचे दात आले १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरणाच्या वर्षी. तिच्या आधीचं हे मोठं भावंडं म्हणा. आणि या कमिशनचा पहिला अध्यक्ष म्हणून रूझवेल्टने नाव सुचवलं जोसेफ केनेडीचं!

एकच गदारोळ उडाला. सुधारणावादी मासिकं आणि वर्तमानपत्रं तुटून पडली. लांडग्याला मेंढरं राखायला बसवताय काय, असा एकूण सूर. पाच सदस्यांत स्वतः पेकोराही होता, आणि त्याला अध्यक्षपदाची आशा होती. पहिल्या दिवशी बाहेर पत्रकार ताटकळत असताना आत त्याची मनधरणी चालली होती. रूझवेल्टचा हिशेब सरळ होता. याला बाजारातल्या सगळ्या पळवाटा माहीत आहेत, त्या हाच बुजवेल. शिवाय याच्याकडे पैसा इतका आहे की आणखी कमवायची गरज नाही. आता त्याला नाव हवंय. (आणि हो, वर्गणीची जुनी पावतीही वसूल झाली.)

मला हा भाग वाचताना आमच्या हॉस्टेलची मेस आठवली. एका वर्षी पोरांनी मेस सेक्रेटरी म्हणून अशा सीनियरला निवडलं, ज्याची गेस्ट कुपनं खोटी असतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने आल्या आल्या कुपनांवर नंबर टाकले आणि रोजच्या बाजारहाटाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावला. बिल फारसं उतरलं नाही, पण दर महिन्याची भांडणं थांबली. कुठे गळतं हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

केनेडीने एसईसीत नेमकं हेच केलं. हा शेअर चांगला की वाईट, हे सरकारने सांगायचंच नाही. कंपनीने आपली सगळी माहिती खरी खरी जाहीर करायची, मग घेणारा आणि त्याचं नशीब. खोटे आपापसातले व्यवहार बंद. कंपनीचे संचालक, अधिकारी आणि दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेले भागधारक यांनी स्वतःच्या शेअरची खरेदी-विक्री कळवायची. देशातल्या शेअर बाजारांची नोंदणी झाली, शहरोशहरी कार्यालयं उघडली, हुशार तरुण वकील गोळा केले. त्यातला विल्यम डग्लस पुढे एसईसीचा अध्यक्ष आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला.

सर्वांत अवघड काम होतं ते धंदेवाल्यांची भीती घालवण्याचं. नव्या कायद्याच्या धास्तीने कंपन्यांनी नवे रोखे काढणंच बंद केलं होतं. भांडवलाचा जणू संप! केनेडीने किचकट फॉर्म सुटसुटीत करून घेतले, उद्योगपतींना भेटून, भाषणं करून पटवलं की प्रामाणिक माणसाला घाबरायचं कारण नाही. मार्च १९३५ मध्ये स्विफ्ट या मांस-प्रक्रिया कंपनीने ४ कोटी ३० लाख डॉलरचे रोखे नव्या पद्धतीने नोंदवले आणि बांध फुटला. एकामागून एक कंपन्या येऊ लागल्या. सप्टेंबर १९३५ मध्ये केनेडीने राजीनामा दिला तेव्हा सुरुवातीला शिव्या देणारी तीच वर्तमानपत्रं त्याची स्तुती करत होती.

१९३६ च्या निवडणुकीत त्याने पुन्हा रूझवेल्टची बाजू लावून धरली, त्यासाठी आपल्या नावाने एक पुस्तकही काढलं. १९३७ मध्ये बक्षिसी मिळाली ती नव्या सागरी आयोगाचं अध्यक्षपद. व्यापारी जहाजं म्हातारी झालेली, कंपन्या सरकारी टपालाच्या जुन्या कंत्राटांवर गब्बर झालेल्या. कंत्राटं रद्द केली म्हणून कंपन्यांनी सरकारकडे सुमारे ७ कोटी ३० लाख डॉलर मागितले होते. जहाज कारखाना आणि ताळेबंद दोन्ही कोळून प्यायलेल्या केनेडीने हे प्रकरण साडेसात लाखांच्या आसपास मिटवलं! पण माणसांशी गाठ पडली तिथे त्याचा दुसरा चेहरा दिसला. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात अल्जिक या जहाजावरच्या खलाशांनी काम थांबवलं, तर त्यांना बेड्या ठोकायचा आदेश त्याने पाठवला. चौदा खलाशांवर बंडाचा गुन्हा शाबीत झाला. कामगार संघटना त्याच्यावर कायमच्या बिथरल्या.

आणि मग त्याने स्वतः मागून घेतलेली तिसरी खुर्ची. लंडनमधला अमेरिकेचा राजदूत. दुष्काळात देश सोडलेल्या आयरिश माणसाचा नातू इंग्लंडच्या राजाच्या दरबारात! हार्वर्डच्या क्लबांनी नाकारलेल्या माणसाला याहून मोठं दार कुठलं असणार? मार्च १९३८ मध्ये तो लंडनला पोचला. नऊ मुलांच्या या कुटुंबाचे फोटो रोज वर्तमानपत्रात येत. पहिले काही महिने स्वप्नासारखे गेले.

पण युरोपात हिटलर एकेक देश गिळायला निघाला होता. पंतप्रधान चेंबरलेन त्याला समजावून घेण्याच्या मताचे, आणि केनेडी चेंबरलेनचा पक्का पाठीराखा. ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्युनिक करारानंतर तीन आठवड्यांच्या आत, त्याने जाहीर भाषणात सुचवलं की लोकशाही देशांनी आणि हुकूमशहांनी मतभेद विसरून जुळवून घ्यावं. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. ज्यूंविषयी त्याच्या मनात आकस होता, आणि लंडनमधल्या जर्मन राजदूताने बर्लिनला पाठवलेल्या अहवालांतून तो पुढे जगासमोर आला. याचं समर्थन कुणी करू नये. जर्मनीत माणसं देशोधडीला लागत होती आणि हा गृहस्थ सौद्याच्या भाषेत विचार करत होता.

मला वाटतं त्याची खरी गोम इथेच आहे. शेअर बाजारात तोट्यातला सौदा वेळेवर सोडून देण्यातच शहाणपण असतं. केनेडीने इंग्लंडकडे तसंच पाहिलं. विमानं किती, सोनं किती, जहाजं किती, असा हिशेब मांडला आणि इंग्लंड बुडीत खात्यात टाकलं. हिशेबात चूक नव्हती. १९४० मध्ये आकडे खरोखरच जर्मनीच्या बाजूचे होते. पण बॉम्ब पडत असतानाही माणसं सकाळी उठून कामावर जातात, या गोष्टीला त्याच्या ताळेबंदात रकानाच नव्हता. बॉम्बहल्ल्यांच्या काळात तो स्वतः रात्री लंडनबाहेरच्या घरी मुक्कामाला जायचा, ते लंडनकरांच्या डोळ्यांवर आलं. रूझवेल्टने त्याला वगळून थेट चर्चिलशी पत्रव्यवहार चालवला होता. राजदूत असून याला अर्ध्या गोष्टी बाहेरून कळायच्या.

ऑक्टोबर १९४० मध्ये तो चिडून अमेरिकेत परतला. निवडणूक तोंडावर. हा आता रूझवेल्टविरुद्ध बोलणार अशी हवा होती. रूझवेल्टने विमानतळावरून त्याला थेट व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, जेवू घातलं, गोड बोलला. दोनच दिवसांत केनेडीने रेडिओवर भाषण करून रूझवेल्टला पाठिंबा दिला! जहाज कारखान्यातला जुना धडा पुन्हा एकदा. निवडणुकीनंतर बोस्टनमध्ये पत्रकारांसमोर मात्र त्याची जीभ सैल सुटली. इंग्लंडमधली लोकशाही संपली, कदाचित आपलीही संपेल, अशा अर्थाचं तो बोलून गेला. हे छापून येणार नाही असं तो धरून चालला होता. १० नोव्हेंबरला ते छापून आलं. राजीनामा दिला आणि त्याच्या सरकारी कारकिर्दीचा खरा भाग तिथेच संपला. पर्ल हार्बरच्या दिवशी त्याने तार करून सेवेची तयारी कळवली, पण मनासारखं काम त्याला कधीच मिळालं नाही. युद्धानंतर सरकारी खात्यांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या हूवर आयोगात तो सदस्य होता, बस्स.

यापुढे त्याचा सगळा जोर मुलांवर. त्यातली दुःखं वाचवत नाहीत. १९४१ मध्ये मतिमंद मुलगी रोझमेरी हिच्या मेंदूवर त्याने शस्त्रक्रिया करवली. आईला आधी विचारलंही नाही. ती मुलगी कायमची अधू झाली. थोरला जोसेफ १९४४ मध्ये युद्धात गेला, कॅथलीन १९४८ मध्ये विमान अपघातात. दुसऱ्या मुलासाठी, जॉनसाठी, बापाने पुन्हा तीच जुनी विद्या काढली. १९५२ च्या सिनेट निवडणुकीत बोस्टन पोस्ट या वर्तमानपत्राने ऐन वेळी जॉनला पाठिंबा दिला. त्याच वर्तमानपत्राच्या मालकाला केनेडीने पाच लाख डॉलर कर्ज दिल्याचं पुढे बाहेर आलं. १९६० मध्ये जॉन राष्ट्राध्यक्ष झाला आणि बापाच्या आग्रहावरून धाकट्या रॉबर्टला अॅटर्नी जनरल केलं. आप्तांना अशी पदं देण्यावर बंदी घालणारा कायदा १९६७ मध्ये झाला, तो लोकांच्या तोंडी बॉबी केनेडीच्याच नावाने आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये त्याला पक्षाघात झाला. वाचा गेली. एका फोनवर माणसं फिरवणारा हा माणूस उरलेली आठ वर्षं जवळपास मुका होता. त्या अवस्थेत त्याने जॉनचा खून पाहिला, मग १९६८ मध्ये रॉबर्टचा. १८ नोव्हेंबर १९६९ रोजी तो गेला.

मित्रांनो, आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. किल्ल्या अशा माणसाला द्याव्यात का? माझं मत असं झालंय की, किल्ल्या कुणाला दिल्या यापेक्षा तिजोरीला काच आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं. एसईसीत केनेडी नीट वागला, कारण कायदा नवा आणि कडक होता, बाजूला पेकोरासारखा माणूस बसला होता आणि सगळ्या देशाची नजर त्याच्यावर होती. त्याने बाजाराला एकच गोष्ट शिकवली, माहिती उघड करा. पण ज्या वर्गणीच्या जोरावर तो तिथे पोचला, त्या राजकीय पैशाला अशी काच बसायला आणखी चार दशकं लागली. तिथला निवडणूक निधीचा खरा कायदा १९७१ चा आणि त्यावर देखरेख करणारा आयोग १९७४ च्या दुरुस्तीतून आलेला. आपल्याकडेही देणाऱ्याचं नाव झाकणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठीच.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जणांच्या मोबाइलवर या क्षणी ट्रेडिंगचं ॲप चालू असेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या विंगमध्ये सबमिशनपेक्षा ऑप्शन्सची चर्चा जास्त असते. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओमध्ये उतरलेल्या दहापैकी नऊहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात निघाले. त्यांच्या समोरच्या बाजूला कुणीतरी केनेडी बसलेला असतोच. फरक एवढाच की आज त्याला काही नियम पाळावे लागतात, आणि त्या नियमांच्या घराण्याचा एक मूळपुरुष खुद्द केनेडीच आहे. तेव्हा पुढच्या वेळी टेलिग्रामवर कुणी खात्रीची टीप दिली, तर आधी हे विचारा की तो स्वतः आत्ता घेतोय की विकतोय.